बिबड्याचं पाकीट उघडण्याआधी

आमचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड, पुण्याला, सुरतेला जातात. तिथून एक प्रश्न दरवर्षी येतो: "लहानपणी खाल्लेली चव का लागत नाही?" तो आम्ही मनावर घेतो, म्हणून हे पत्रक.

लहानपणचा बिबडा आठवून पाहा. त्यातला पूर्ण वाळलेला किती खाल्ला होता? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भल्या पहाटे अंगणात चूल पेटायची. पातेल्यात मिरची-लसूण-जिरं-तीळ घातलेला ज्वारीचा घाटा रटरटायचा. पहिली वाटी पोरांची, वर कच्च्या तेलाची धार. उरलेला घाटा खाटेवर पसरलेल्या धोतरावर थापायचा. दुपारी त्यावरून कडा कडक, मधे ओला असा बिबडा सोडवायचा आणि शेंगदाण्यांबरोबर खायचा. राखणीला बसवलेली पोरंच खाट रिकामी करायची! ती चव पाकिटात भरता येत नाही. ओलसर बिबड्याला बुरशी धरते, त्यामुळे आम्हाला तो कडकडीत वाळवूनच द्यावा लागतो.

उखळातलं कांडण आम्हीही सोडलं. भरड आता गिरणीवर होते. बायांचे हात वाचले, हे चांगलंच झालं. पण ज्वारी अजून तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजते. पाकीट उघडताच येणारा आंबूस वास त्याचाच आहे, माल खराब नाही. एका रात्रीत भिजवलेल्या ज्वारीला तो येत नाही. थापतो कापडावरच. प्लॅस्टिकवर काम झटपट होतं, पण बिबडा खालून घाम धरतो. ज्वारी रब्बीची, दादर जातीची. दाण्याप्रमाणे रंग थोडा पुढे-मागे होतो, कारण रंग आम्ही घालत नाही.

तळू नका, ही कळकळीची विनंती. तळल्यावर फुलतो छान, पण ज्वारीची चव हरवते. निखारे नसतील तर गॅसवर जाळी ठेवून मंद आचेवर उलटसुलट भाजा. अर्धओल्याची आठवण येत असेल तर न भाजलेल्या बिबड्यावर पाणी शिंपडून ओल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. अगदी तसा होत नाही, पण जवळ जातो. उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून ऊन दाखवा.

एप्रिल-मे महिन्यात गावी आलात तर पोरांना घेऊन दुपारी तीनच्या सुमारास आमच्या अंगणात या. खाटेवरून उचलून खाल्लेल्या बिबड्यांचे पैसे आम्ही घेत नाही.