"किती जीबीचं कार्ड?" : सीमाभागातल्या गेमिंग पीसीची पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर. कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जा आणि म्हणा, घरच्या पीसीवर गेम खेळायचेत, काय टाकू? काउंटरवरून उलटा प्रश्न येतो: "किती जीबीचं कार्ड पायजे?" प्रोसेसर कुठला, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला, मॉनिटर केवढा, हे विचारलं तर नंतर, नाहीतर नाहीच. गिऱ्हाईकही त्याच भाषेत बोलतं. शेजारच्या पोराने २ जीबीचं घेतलं म्हणून आपण ४ जीबीचं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा पीसीतला भाग, आणि जीबी म्हणजे त्यावरच्या मेमरीचं माप. ते असं दुधासारखं मापाने विकत घ्यायची सवय कशी लागली, हे कळल्याशिवाय इकडच्या अपग्रेडचे घोळ कळत नाहीत.

पूर्वपीठिका थोडक्यात. ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाची वेगळी खाच १९९७ साली आली, पण इकडच्या घरांत पीसीच आला तो २०००च्या आगेमागे. १९९८ साली तांत्रिक विद्यापीठ बेळगावात आलं आणि पोरगा इंजिनिअरिंगला गेला की पीसी घेणं आलंच. तो पीसी वडिलांच्या हिशेबात 'प्रोजेक्टसाठी' असायचा. त्यामुळे मदरबोर्ड स्वस्तातला. त्या काळी घरोघरी गेलेल्या ८४५ जीव्ही चिपसेटच्या बोर्डांवर एजीपीची खाच नव्हतीच. म्हणजे कार्ड टाकायचं म्हटलं तरी टाकणार कुठे? चित्र काढायचं काम बोर्डावरचीच चिप करायची आणि त्यासाठी लागणारी मेमरी मुख्य रॅममधून उसनी घ्यायची. १२८ एमबी रॅम असेल, तर त्यातलीच थोडी 'शेअर्ड' म्हणून जायची.

मापाची सवय लागली ती इथे. गेमच्या सीडीच्या पाकिटावर छापलेलं असायचं: व्हिडिओ मेमरी ३२ एमबी. २००३ साली पीसीवर आलेल्या 'जीटीए व्हाइस सिटी'ची किमान अट तेवढीच होती. मग बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन शेअर्ड मेमरीचा आकडा वाढवायचा, किंवा रॅमची २५६ एमबीची आणखी एक पट्टी टाकायची. अडखळत का होईना, गेम चालायचा. आकडा वाढवला की चालतं, हा धडा एका पिढीने असा गिरवला. एजीपीची खाच असलेल्या नशीबवानांनी २००२ सालचं एमएक्स ४४० घेतलं, ६४ एमबीचं. त्याच्या पूर्ण नावात 'जीफोर्स ४' होतं, आतली रचना मात्र दोन पिढ्या मागची. त्यात पिक्सेल शेडर, म्हणजे प्रत्येक ठिपक्यावर उजेड-सावलीचा हिशोब करणारं यंत्रच नव्हतं. २००३च्या अखेरीपासून काही गेम त्याच्याशिवाय सुरूच होईनात. पाकिटावरचे ६४ एमबी पुरे होत होते आणि पडद्यावर तरीही एरर येत होती. खरं तर तेव्हाच माप बदलायला हवं होतं.

बदललं नाही. एमबीचं जीबी झालं, एवढंच. एजीपीची जागा पीसीआय एक्सप्रेसने घेतली, बोर्डांवर खाच सर्रास येऊ लागली, आणि साध्या कार्डांचा बाजार उघडला. जीफोर्स २१० १ जीबी, जीटी ६१० २ जीबी. आणि मग २०१४ साली जीटी ७३०, ज्याच्याबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण सीमाभागातल्या जुन्या कॅबिनेटांची झाकणं काढली तर सगळ्यात जास्त तेच सापडेल, असा माझा अंदाज आहे.

जीटी ७३० हे एक कार्ड नाही. एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या. एकीत जुन्या पिढीची, ९६ कोअरची (कोअर म्हणजे एकाच वेळी हिशोब करणारे चिपमधले छोटे भाग) चिप आणि डीडीआर३ मेमरी. दुसरीत नव्या पिढीची, ३८४ कोअरची चिप, तीच डीडीआर३, पण मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा, म्हणजे पहिलीच्या निम्मा. तिसरीत ३८४ कोअर आणि जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी. डीडीआर३ची ६४ बिटांची आवृत्ती सेकंदाला साधारण १४.४ जीबी माल हलवते, जीडीडीआर५ची ४०. पावणेतीन पट फरक, आणि बाहेरून नाव तेच. गंमत अशी की, ४ जीबी लिहिलेली खोकी असायची ती हळू डीडीआर३ची. वेगवान जीडीडीआर५ १ किंवा २ जीबीतच यायचं. मापाने घेणारा माणूस जास्त पैसे मोजून हळू कार्ड घरी न्यायचा आणि वर खूश असायचा.

बेळगावच्या माणसाला हे टाकीच्या भाषेत लगेच कळतं. पाणी रोज येत नाही, म्हणून गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली. पण खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर बादली भरायला लागायचा तेवढा वेळ लागणारच. टाकी म्हणजे जीबी. पाइप म्हणजे मेमरीचा प्रकार आणि बिटांची रुंदी. आणि अंघोळ करणारा माणूस म्हणजे चिप. तोच सुस्त असेल, तर टाकी आणि पाइप दोन्ही वाया. जीटी ७३० एवढं अशक्त आहे की ४ जीबी भरायची वेळ येईल अशा सेटिंगवर त्याच्याने गेम हलतच नाही. त्याच २०१४ साली फेब्रुवारीत जीटीएक्स ७५० टीआय आलं होतं: २ जीबी, ६४० कोअर, सेकंदाला ८६ जीबी, आणि वीज फक्त ६० वॅट. किंमत अर्थातच जास्त होती. पण काउंटरवर "ते दोनचं, हे चारचं" म्हटलं की विषय संपायचा. यात दुकानदारांना पूर्ण निर्दोष म्हणवत नाही. त्यांना खोक्यावरचा 'डीडीआर३' हा शब्द वाचता येत होता.

मापाने वरच्या लोकांनाही फसवलं, हे सांगितलं पाहिजे. सप्टेंबर २०१४च्या जीटीएक्स ९७०वर ४ जीबी लिहिलेलं होतं. त्यातली शेवटची अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा कितीतरी हळू निघाली. अमेरिकेत दावा लागला, २०१६ साली तडजोड झाली आणि तिथल्या ग्राहकाला कार्डामागे ३० डॉलर मिळायचं ठरलं. इकडे कुणाला काही मिळालं नाही. २०१६चंच जीटीएक्स १०६० दोन मापांत आलं, ३ आणि ६ जीबी. लोकांना वाटलं फरक तेवढाच, पण ३ जीबीवाल्याचे कोअरही कमी होते, १२८०च्या जागी ११५२. जीटी १०३०ने तर कहर केला. २०१७चं जीडीडीआर५चं कार्ड सेकंदाला ४८ जीबीचं, पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४वर आलेलं १७लाही न पोचणारं, आणि दोन्ही २ जीबीच.

आता विजेकडे. अपग्रेडवरचे बहुतेक लेख मोठ्या शहरांत लिहिलेले असतात आणि त्यांत वीज गृहीत धरलेली असते. इकडे पावसाळ्यात तारेवर फांदी पडते, उसाच्या पट्ट्यात पंप एकदम चालू झाले की दिवा मंद होतो. घरोघरी यूपीएस असतो ६०० व्हीएचा. त्यावर ६०० लिहिलेलं असतं, पण तो देतो साधारण ३६० वॅट. (इथेही मापाचाच घोळ.) कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, त्या आकड्यावर मी तरी पैज लावणार नाही. खाच स्वतः कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते, त्यापुढे सहा पिनांची वेगळी वायर लागते, आणि फुकटच्या एसएमपीएसला ती बहुधा नसतेच. म्हणूनच वेगळ्या वायरीशिवाय चालणारी ७५० टीआय आणि पुढे ऑक्टोबर २०१६चं १०५० टीआय ही इकडच्या घरांसाठी खरी योग्य कार्डं होती. दुसरं ४ जीबी, ७५ वॅट, सेकंदाला ११२ जीबी. १०५० टीआयचं नशीब असं की मापवाल्यांनाही ते '४चं' म्हणून आवडलं. चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर वस्तू घरी आली.

पावसाळ्याचा आणखी एक प्रसाद म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पीसी चालू केला की लांबलचक बीप. दमट हवेने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो. इकडे प्रत्येक गेमरच्या टेबलाच्या खणात एक खोडरबर असतो तो अभ्यासासाठी नव्हे. कित्येक रॅमपट्ट्या "गेल्या" म्हणून बदलल्या गेल्या, ज्यांना फक्त खोडरबर लागला असता.

सीमेचा विषय निघतोच. कोल्हापूर बेळगावहून ११० किलोमीटरच्या आसपास, हुबळी साधारण तेवढंच. १ जुलै २०१७ला जीएसटी येईपर्यंत दोन राज्यांचा व्हॅट वेगवेगळा होता. भाव पाहायला लोक महामार्गाने वर जायचे किंवा पुण्यात शिकणाऱ्या पोराकडून मागवायचे. वॉरंटीत कार्ड गेलं की इकडचा दुकानदार म्हणणार, "जिथून घेतलंय तिथंच द्या." माझं एक कार्ड अशाच कारणाने एसटीच्या डब्यात बसून दोनदा राज्य ओलांडून आलं आणि शेवटी होतं तसंच परत मिळालं. जीएसटीनंतर ऑनलाइन खरेदीने हा प्रवास बराच कमी झाला. २०१४ साली सरकारी कागदावर शहराचं नाव बदललं. पार्सलवर काही लिहा, पिनकोड ५९०००१ तोच राहिला.

नंतरची वर्षं घाईची. २०१७-१८ला आणि पुन्हा २०२१ला आभासी चलनाच्या खाणकामाने, म्हणजे कार्डांकडून गणितं सोडवून घेऊन नाणी कमवण्याच्या धंद्याने, कार्डं बाजारातून गायब केली. दुसऱ्या वेळी साथीतला चिपांचा तुटवडाही जोडीला होता. जानेवारी २०२२मध्ये त्या उपासमारीत आरएक्स ६५०० एक्सटी आलं, पुन्हा ४ जीबी. ते बोर्डाशी फक्त चार लेनने, म्हणजे डेटाच्या चार वाटांनी, बोलतं. नव्या बोर्डात निभतं, पण इकडे ज्या जुन्या बोर्डांत ते टाकलं जाणार होतं, त्यांत लेनचा वेग निम्मा किंवा त्याहून कमी. टाकी भरली की रॅममधून माल आणायचा रस्ताच अरुंद. १५ सप्टेंबर २०२२ला ग्राफिक्स कार्डांवर चालणारं सगळ्यात मोठं खाणकाम, इथेरियमचं, बंद पडलं आणि वापरलेली कार्डं ढिगाने विकायला निघाली, प्रत्येक विकणारा शपथेवर सांगणारा की मायनिंगचं नाही.

आणि मग एक उलटाच प्रकार झाला. वीस वर्षं चुकीचा असलेला प्रश्न अर्धामुर्धा बरोबर ठरू लागला. फेब्रुवारी २०२१चं आरटीएक्स ३०६० आलं १२ जीबीचं, तर त्याच्याहून ताकदवान ३०६० टीआय आणि ३०७० ८ जीबीचीच. जाणकार तेव्हा मापवाल्यांना हसले, मीही हसलो. २०२३च्या सुरुवातीला आलेल्या काही मोठ्या गेममध्ये भारी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) लावली की ८ जीबीची टाकी भरून वाहू लागली, ३०७० अडखळू लागलं आणि ३०६० रेटून चाललं. त्याच वर्षी ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन मापांत विकायला आलं, चिप आणि पाइप दोन्हींत तेच. म्हणजे इथे खोक्यावरचा आकडा हाच खरा फरक होता. १०८०पीच्या मॉनिटरवर आणि टेक्स्चर एक पायरी खाली ठेवून खेळणाऱ्याला ८ जीबी अजून पुरतात, आणि ११५ वॅटचं ४०६० इकडच्या विजेलाही मानवतं, पण "किती जीबीचं?" या प्रश्नाला आता फटकारून लावता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात, म्हणजे इकडे अजून जोमात असलेले एच ६१ बोर्डावरचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय५, आय७ अधिकृतपणे बाहेर. त्याच सुमाराला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. पूर्ण नवा संच बांधायचा बेत अनेकांनी गुंडाळला. डीडीआर४ पट्ट्या जपून ठेवल्या जातायत आणि २०१७ सालच्या एएमडीच्या एएम४ बोर्डात २०२२चा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवायची कामं दुकानांत वाढलीयत. त्याआधी बायोस अपडेट करावा लागतो. मध्येच लाइट गेली तर बोर्डच हातचा जातो, म्हणून तेवढी दहा मिनिटं तो ६०० व्हीएचा यूपीएस कामी येतो.