जपानात उजाडलं की पाळी नागपूरची

१९ मे २०२३. वैशाख अमावास्येची रात्र. आपल्याकडे अकराला तीन मिनिटं कमी असताना जपानमधल्या कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत आधी नसलेला एक ठिपका दिसला. त्यांच्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच वाजत आले होते. सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षं दूरच्या एका महाकाय ताऱ्याचा स्फोट झाला होता. या अतिनवताऱ्याला, म्हणजे सुपरनोव्हाला, एसएन २०२३ आयएक्सएफ हे नाव मिळालं. इतागाकी हे हौशी निरीक्षक आहेत आणि असे कितीतरी स्फोट त्यांच्या नावावर जमा आहेत.

मला या घटनेतलं घड्याळ फार महत्त्वाचं वाटतं. दोनेक तासांत जपानात उजाडलं. युरोपात अजून नीट अंधार पडायचा होता. त्याच वेळी नागपुरात आकाश काळोखं होतं, चंद्र नव्हता, आणि सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीजवळची ही दीर्घिका उत्तरेला सत्तावन्न अंशांवर, म्हणजे तिच्या सर्वांत उंच जागी होती. सापडला तेव्हा ठिपक्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (लहान तितका ठळक), १४.९ होती; पुढच्या पाच-सहा दिवसांत तो अकराव्या प्रतीपर्यंत चढला, म्हणजे चाळीसेक पट उजळला. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या गोष्टीच्या आलेखात चार-पाच तासांचं भगदाड पडलं, तर ते नंतर कोणत्याही दुर्बिणीने भरून निघत नाही. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. जपान आणि युरोप यांच्या मधला हा पट्टा सांभाळायचा तर तो इथल्याच माणसांनी सांभाळायला हवा.

हे काम मोठ्या वेधशाळा करतील, आपण कशाला, असं अनेकांना वाटतं. पण ठळक तारे मोठ्या दुर्बिणींना मोजताच येत नाहीत. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा आहे. साधारण सोळाव्या-सतराव्या प्रतीहून ठळक तारा तिच्या कॅमेऱ्यात इतका प्रकाश ओततो की मोजमाप निरुपयोगी ठरतं. सहाव्या-सातव्या प्रतीचा नवतारा, म्हणजे एकाएकी उजळलेला तारा, मोजायला बायनॉक्युलर किंवा साधा कॅमेराच लागतो.

प्रतीचं गणित वर्गातल्या नंबरासारखं आहे, आकडा लहान तितका तारा ठळक. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट, एका प्रतीचा सुमारे अडीच पट. हे प्रमाण १८५६ साली नॉर्मन पॉगसन यांनी सुचवलं. पुढे १८६१ पासून हेच पॉगसन मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते आणि रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांचे, वेध त्यांनी तिथूनही घेतले. जगभर वापरली जाणारी ही मोजपट्टी आखणाऱ्या माणसाने हयातीची शेवटची तीस वर्षं आपल्याच देशात काढली, हे शाळेत कुणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. मे महिन्यात नागपुरात गच्चीवर संध्याकाळी पाणी मारतात, तरी नऊपर्यंत स्लॅब गरमच असतो. अशा गच्चीवर बायनॉक्युलर, लाल कागद गुंडाळलेला टॉर्च आणि तारानकाशा एवढं घेऊन बसायचं. नकाशे अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या १९११ साली स्थापन झालेल्या संस्थेकडून फुकट मिळतात. त्यावर शेजारच्या तुलनाताऱ्यांपुढे ६२, ६८ असे आकडे असतात. त्याचा अर्थ प्रत ६.२ आणि ६.८. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, कारण नकाशावरचा टिंब तारा समजला जाऊ शकतो. समजा, आपला तारा ६२ पेक्षा मंद आणि ६८ पेक्षा ठळक दिसला, आणि मधल्या अंतराचा तिसरा हिस्सा उतरलेला वाटला, तर नोंद ६.४. बस, झालं मोजमाप. सरावलेल्या डोळ्याची चूक एक-दोन दशांशांच्या आसपास राहते.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. लालसर ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळा त्याचा प्रकाश साठवत जातो आणि तारा उगाच ठळक भासतो. नवतारे उतरणीला लागले की हायड्रोजनच्या प्रकाशाने बरेचदा तांबूस होतात, म्हणून नजर पटकन टाकून पटकन काढायची. आणि कालची नोंद आज आधी वाचायची नाही. आकडा आठवत असला की डोळा तोच आकडा बघतो.

शहरात उजेड आहे, धूळ आहे, मग काय दिसणार? ही तक्रार मी नेहमी ऐकतो आणि ती अर्धीच खरी आहे. कोराडीकडचं उत्तरेचं आकाश रात्रभर पांढुरकं असतं, आकाशगंगा शहरातून दिसत नाही, हे कबूल. पण आपण तुलना करतो. धूळ आणि उजेड आपल्या ताऱ्याला जितका त्रास देतात, तितकाच शेजारच्या तुलनाताऱ्यालाही देतात, त्यामुळे दोघांमधला फरक टिकतो. तुलनातारे साधारण त्याच उंचीवरचे निवडायचे, कारण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड होतो आणि खालचा तारा जास्त मंदावतो. फार मंद तारे पाहायचे असतील तर पेंच आहेच. जानेवारी २०२४ मध्ये या व्याघ्रप्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पण रोजच्या मोजणीला रोजची गच्चीच हवी.

कॅमेऱ्याने काम आणखी काटेकोर होतं. ट्रायपॉडवर डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स, पाच-दहा सेकंदांचं एक्स्पोजर, फाइल रॉ स्वरूपात. फोकस किंचित ढळवायचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलांवर पसरतो आणि एकही पिक्सेल भरून वाहत नाही. अशा अनेक चित्रांतले फक्त हिरवे पिक्सेल मोजून सरासरी काढायची, कारण डोळ्याला जाणवणाऱ्या तेजाशी हिरवा रंगच सगळ्यांत जवळचा.

यंत्रांआधी या देशात हे काम नुसत्या चिकाटीने झालेलं आहे. जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी तिजोरीत नोकरी करणारे राधागोविंद चंद्र १९१८ च्या गरुड तारकासमूहातल्या नवताऱ्यानंतर नकाशे देणाऱ्या त्या अमेरिकन संस्थेशी जोडले गेले. त्यांचं काम पाहून संस्थेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. आयुष्यभरात त्यांनी सदतीस हजारांहून जास्त नोंदी केल्या.

नवतारा म्हणजे मात्र ताऱ्याचा मृत्यू नव्हे. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा, जवळच्या जोडीदाराकडून हायड्रोजन ओढत राहतो. तो थर साचतो, तळाशी तापतो आणि एका क्षणी अणुसंमीलन बेफाम होऊन थर उधळला जातो. खालचा तारा शाबूत राहतो, म्हणून तो पुन्हा पेटू शकतो. तेज शिखरावरून दोन किंवा तीन प्रतींनी उतरायला किती दिवस लागले, यावरून नवतारा वेगवान की मंद ते ठरतं. उतरणीत मध्येच येणारे झटकेही मोलाचे असतात. २०१८ मध्ये नौकातल समूहात पेटलेल्या नवताऱ्यात दृश्य प्रकाशाचे झटके आणि गॅमा किरणांचे झटके एकाच वेळी आले, आणि त्यावरून कळलं की बाहेर फेकलेल्या वायूंच्या लाटा एकमेकींवर आदळूनही नवतारा उजळतो. तास-तासाच्या नोंदी नसत्या, तर हा मेळ बसलाच नसता.

आपल्या आकाशगंगेतले नवतारे सर्वांत दाटीने तिच्या केंद्राच्या दिशेला, वृश्चिक आणि धनू राशींकडे सापडतात. तो भाग नागपुरातून चाळीस अंश उंच येतो. लंडनहून जेमतेम दहा अंश. अडचण पावसाची आहे. या राशी संध्याकाळच्या आकाशात सोयीने येतात ते नेमके जुलै-ऑगस्टमध्ये. ऑगस्ट २०२१ मध्ये भुजंगधारीतला आरएस हा पुनरावर्ती नवतारा पंधरा वर्षांनी पेटला, तोही आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. म्हणून इथल्या निरीक्षकाला फेब्रुवारी ते मे पहाटे उठावं लागतं.

उत्तर मुकुटातल्या टी या पुनरावर्ती नवताऱ्याचं मात्र तसं नाही. तो नागपुरात जवळपास डोक्यावरून जातो आणि उन्हाळ्यात रात्री आठ-नऊलाच पूर्वेला, स्वातीच्या खाली सापडतो. १८६६ आणि १९४६ मध्ये तो दहाव्या प्रतीवरून थेट दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीवर आला होता. अमेरिकेतले लेस्ली पेल्टिअर १९२० पासून त्याच्यावर पाळत ठेवून होते. १९४६ च्या त्या फेब्रुवारीतल्या रात्री सर्दीमुळे परत झोपले आणि स्फोट हुकला.

त्या एका रात्रीची गोष्ट मला शिकाऊ निरीक्षकांना सांगावीशी वाटते, कारण त्यांना वाटतं की काही घडलं तरच नोंद करायची. पण ‘आज काही नाही’ हीही नोंद असते. इतागाकींच्या शोधानंतर जगभरच्या हौशी लोकांनी एम १०१ ची आपापली जुनी चित्रं काढून बघितली. काहींत ठिपका नव्हता, काहींत नुकता उगवत होता, आणि त्यावरून स्फोटाची वेळ काही तासांपर्यंत नेमकी ठरवता आली. तारा दिसला नाही, तर नकाशावरचा दिसलेला सर्वांत मंद तुलनातारा लिहायचा आणि ‘याहून मंद’ अशी खूण करायची. वेळ जागतिक लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, जागतिक वेळेच्या दुपारी बारापासून मोजतात, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचपासून, त्यामुळे नागपूरच्या निरीक्षकाची अख्खी रात्र एकाच दिवसाच्या आकड्यात बसते.