कशासाठी करायचं? सीमाभागातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पक्षाच्या सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, या अटीवर त्याच अधिवेशनात शिक्कामोर्तब झाले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. हाताने काही घडवायचे ते देशासाठी, आणि तेही मोजून. पुढच्याच वर्षी ही सक्ती सैल झाली. पण केलेल्या कामाचा उपयोग विचारण्याची सवय या भागात वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली.

प्रश्न अर्थात त्याहून जुना आहे. अकराव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने, म्हणजे काव्य कशासाठी याची सहा कारणे, सांगितली: कीर्ती, पैसा, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्क्षणी मिळणारा परम आनंद आणि प्रियेने करावा तसा गोड उपदेश. या सगळ्यांत शिरोमणी कोण, तर तो आनंद, असे त्यानेच म्हटले आहे. तरी यादी करावी लागलीच! पुढे १८३५ मध्ये तेओफील गोतिए या फ्रेंच लेखकाने यादीच फाडून टाकली. ज्याचा काही उपयोग नाही तेच खरे सुंदर, असे तो म्हणाला. मराठीत हे भांडण रंगले ते ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? फडके कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवत, खांडेकर १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत होते. म्हणजे बेळगावहून एक उत्तरेला, दुसरा आंबोलीचा घाट उतरून खाली. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, खांडेकर लगेच १९४१ ला सोलापूरच्या.

बेळगावात या वादाचा निकाल वेगळ्याच कारणाने लागला. १९४६ चे संमेलन इथे भरले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्याच व्यासपीठावरून पुढे आली. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून इथे मराठीत लिहिणे, नाटक बसवणे, वाचनालय चालवणे यातले काहीच निव्वळ हौसेचे उरले नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळली जाते. कवितेइतकीच टाळी सीमाप्रश्नावरच्या भाषणाला पडते. याला नाव ठेवायचा मला अधिकार नाही. दुकानाच्या पाटीवरून जिथे वाद होतो, तिथे कवितेच्या हातात झेंडा येणारच. मात्र झेंडा न धरणारी कविता कुणाची, हेही विचारले पाहिजे.

ती इंदिरा संतांची. त्यांचे आयुष्य बेळगावात शिकवण्यात आणि लिहिण्यात गेले. संमेलन गाजले त्याच १९४६ साली पती नारायण संत गेले. पुढची त्यांची कविता त्या एका विरहाभोवती फिरत राहिली; चळवळीला त्यातून एकही घोषणा मिळाली नसती. आणि आज बेळगावच्या मराठीची ओळख सांगताना पहिले नाव त्यांचेच निघते! त्यांनी जात्यावरच्या ओव्याही मन लावून गोळा केल्या, याचे मला नवल वाटत नाही. दळण ओवीशिवायही होते, पीठ तेवढेच पडते. ओवीमुळे श्रम हलके होतात हे खरे, पण तेवढ्यासाठी नुसता हुंकारही पुरला असता. त्या बायांनी भावाला, माहेराला, विठ्ठलाला बोलावून एकेक ओळ का घडवली, याचे उत्तर उपयोगात सापडत नाही.

दिवाळीचा किल्ला हा त्याच जातीचा. बेळगावात गल्लोगल्ली तो होतो. दगडविटांचा डोंगर रचायचा, त्यावर भिजवलेले गोणपाट टाकायचे, वर लाल मातीचा गारा थापायचा, मोहरी नाहीतर नाचणी पेरून हिरवळ उगवायची, बुरुजावर कुंभाराकडचे मावळे उभे करायचे. आठ-दहा दिवस नखांतली माती निघत नाही. तुळशीचे लग्न लागले की पोरे स्वतःच तो मोडतात. शिवजयंतीच्या चित्ररथांमागे मंडळाची इभ्रत असते. घरामागच्या किल्ल्याला तीही नसते.

आता त्याच्याही स्पर्धा होतात. तरुण मंडळी प्रत्यक्ष गड पाहून येतात, तटबंदी हुबेहूब उतरवतात, काम सुधारते यात शंका नाही. परीक्षक येतो, गडाची माहिती विचारतो, गुण देतो. लहान पोरांच्या किल्ल्यावर गुहेतल्या वाघाशेजारी प्लास्टिकचा ट्रॅक्टर उभा असतो. इतिहासाला धरून नाही म्हणून त्याचे गुण कापले जातात. माझ्या मते तो ट्रॅक्टर तिथेच राहू द्यावा.