नांदूर मध्यमेश्वर: गाळातून जन्मलेलं अभयारण्य

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठी, निफाड तालुक्यातल्या चापडगावला शाळेची पोरं दुर्बिणीसमोर रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट. एका मुलाला काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसला. गावातल्याच गाईडने नाव सांगितलं, "वारकरी." नाव ऐकताच तो पोरगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. असे कार्यक्रम कशासाठी करायचे, असं कुणी विचारलं की मला तो मुलगा आठवतो.

इथे असे सोहळे वर्षातून दोन-तीनदा होतात. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह असतो. ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह येतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ तारखेचा आणि पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांची जयंती १२ तारखेची, म्हणून राज्य सरकारने २०२० पासून हा आठवडा ठरवला. मग येतो २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिवस. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. भारत त्यात १९८२ ला सामील झाला.

यातली एकही तारीख नांदूर मध्यमेश्वरची स्वतःची नाही. आणि या जागेचा जन्म एका तारखेत बसवणं अवघडच आहे, कारण इथे पक्ष्यांसाठी म्हणून कुणी काही बांधलंच नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातला. हेतू साधा होता. दारणा धरणातून सोडलेलं पाणी नदीने इथवर आणायचं, अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या शेतीला द्यायचं. पण पावसाळ्यात नदी नुसतं पाणी आणत नाही, मातीही आणते. बंधाऱ्यामागे पाणी संथ झालं की माती तळाशी बसते. वर्षानुवर्षं ती साचत गेली, पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा, कारण साठा घटला. बदकांना मात्र असंच पाणी लागतं. थापट्या बदक रुंद चोचीने वरचं पाणी चाळतो, तलवार बदक मान बुडवून तळाचं खातं, आणि कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटून पातळी उतरली की उघड्या पडलेल्या चिखलात शेकाटे लांब लाल पायांनी फिरू लागतात. पातळी अशी खाली-वर होत राहणं हेच इथल्या श्रीमंतीचं कारण आहे, असं माझं मत आहे.

सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर, म्हणजे राजस्थानातल्या त्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्याच्या तोडीचं, म्हटलं होतं, ही गोष्ट नाशिकचे पक्षीमित्र अजून अभिमानाने सांगतात. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, साधारण १०० चौरस किलोमीटरचं. त्यात पाण्याबरोबर गावं आणि शेतंही आली.

२१ जून २०१९ ही तारीख रामसर यादीत, म्हणजे त्या कराराखालच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागल्याची. बातमी मात्र आपल्यापर्यंत पोचली जानेवारी २०२० मध्ये, देशातल्या इतर नऊ जागांबरोबर. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. लोणारचा नंबर त्यानंतर लागला. रामसरच्या नोंदीत क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे, म्हणजे अभयारण्याच्या सातव्या हिश्शाच्या आसपास.

आता मला इथे थोडं थांबायचं आहे. रामसरची तारीख जूनची, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या अंगाच्या चांदोरी-सायखेड्यात गोदावरीचं पाणी शिरलं. २०१६ लाही शिरलं होतं. नदीकाठचे लोक त्यासाठी बंधाऱ्यामागच्या गाळाकडे आणि पाणवेलींकडे बोट दाखवतात. ज्यांच्या घरात पुराचं पाणी आलं त्यांना गाळ काढून हवा आहे, आणि पक्षी आले ते त्याच गाळामुळे. सगळा उपसला तर उथळ पाणी जाईल, आणि मुळीच हात लावला नाही तर जागा भरत भरत एक दिवस पाणथळच उरणार नाही. कुठला गाळ काढायचा, कुठली बेटं राखायची, दरवाजे कधी उघडायचे, हे सगळ्यांनी एकत्र बसून ठरवण्याचं काम आहे.

दरम्यान काही चांगलंही घडलं. काठच्या गावांतली तरुण मुलं गाईड झाली. नदीत मासे धरणाऱ्यांच्या घरातली पोरं चक्रवाक आणि हळदीकुंकू बदक दुरूनच, नुसत्या उडण्यावरून ओळखतात. ही ओळख त्यांना पुस्तकातून मिळालेली नाही.

२०२६ मध्ये अभयारण्याची चाळीस वर्षं भरतात. मांडव चापडगावलाच पडेल, दुर्बिणीही लागतील, लागायलाच हव्यात. पण त्या मांडवात पाटबंधारे खात्याचा अभियंता, वनरक्षक आणि सायखेड्याचा एखादा शेतकरी एका सतरंजीवर बसलेले मला बघायचे आहेत, समोर बंधाऱ्याचा नकाशा उघडून.