दोन अँपिअरच्या जागी सिगारेटची चांदी

गेल्या पावसाळ्यात माझ्या आतेभावाने चोर बाजारातून स्पीकरची एक जुनी जोडी उचलली. खरं लाकूड, पुढे कापडी जाळी, आणि वजन एवढं की गिरगावातल्या चाळीचा जिना चढवताना कमरेत कुठले कुठले स्नायू असतात ते सगळं आम्हा दोघांना कळलं. वर आणून अँप्लिफायरला, म्हणजे अँपला, जोडले तर एक छान वाजतोय, दुसऱ्यातून नुसता ट्वीटरचा, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या भोंग्याचा, चिरका आवाज, बास अजिबात नाही. मागे टर्मिनलच्या शेजारी एक काळं गोल झाकण होतं, फिरवून काढलं तर आत फ्यूज. काचेचा असेल म्हणून ओढला तर हातात आली चांदी, सिगारेटच्या पाकिटातली, जळलेल्या फ्यूजभोवती दोन वेढे घालून व्यवस्थित दाबून बसवलेली. कोणीतरी मन लावून केलेलं काम होतं ते.

वूफरचा, म्हणजे बासच्या मोठ्या भोंग्याचा, कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) बोटांनी हलकेच दाबला तर आतून खरखर, आणि नाक जवळ नेलं तर जळक्या वार्निशचा वास. मल्टीमीटर लावला, कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, ओपन, तुटलेली. म्हणजे फ्यूजने आपलं काम केलं होतं, चांदीने ते वाया घालवलं.

आता ही चांदीवाली माणसं काही मूर्ख नव्हती हे आधी सांगतो. आपल्याकडे घरातल्या मीटरशेजारच्या चिनी मातीच्या किटकॅटला (फ्यूजच्या खोबणीला) फ्यूज "बांधायची" सवय दोन पिढ्यांना होती, लाइट गेली की बाबा स्टुलावर चढणार, पक्कड, टॉर्च, आणि हाताला लागेल ती तार. घरात तसं केलं तर निदान जाड वायरिंग थोडा वेळ तग धरतं. स्पीकरमध्ये फ्यूजच्या पलीकडे असते केसासारखी बारीक तांब्याची तार, कागदाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या नळीवर वार्निशने चिकटवलेली. ती तग धरत नाही.

फ्यूज वितळतो करंटने, म्हणजे खरं तर उष्णतेने, आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गाने. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. त्यामुळे "2 चा नाही तर 5 चा घाल, काय फरक पडतो" यात फरक अडीच पट नाही, सव्वासहा पट पडतो. 8 ओहमच्या स्पीकरमध्ये 2 अँपिअर म्हणजे 32 वॉट, 5 अँपिअर म्हणजे 200 वॉट. जुन्या घरगुती स्पीकरच्या कॉइलमध्ये सतत 200 वॉट घातले तर काय होईल ते आमच्या वूफरने दाखवलंच आहे.

चांदी किती अँपिअरला जळेल हे देवालाच ठाऊक, पण तारेचं गणित करता येतं. विल्यम प्रीस नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1884 साली तारा वितळवून बघून एक नियम मांडला, की उघड्या हवेतली तार किती करंटला वितळेल ते तिच्या जाडीच्या दीड घातावर ठरतं, आणि तांब्यासाठी जाडी मिलिमीटरमध्ये धरली तर त्याला 80 ने गुणायचं. आपली साधी 14/36 ची फ्लेक्सिबल वायर घ्या, म्हणजे 36 गेजचे 14 धागे. एक धागा साधारण 0.19 मिलिमीटर जाड. गणित मांडलं की उत्तर येतं पावणेसात अँपिअरच्या आसपास. म्हणजे "अरे एकच धागा टाकलाय, बारीकसा" असं ज्याला आपण म्हणतो तो धागा 8 ओहमच्या स्पीकरमध्ये साडेतीनशे वॉट सुखाने जाऊ देतो.

आणि आता खरी गंमत. जुन्या अँपचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, जे जुन्या अँपमध्ये होतंच, तर आतल्या सप्लायचा डीसी सरळ स्पीकरवर येतो, समजा 35 व्होल्ट. 8 ओहमचा वूफर मीटरवर दाखवतो साधारण 6 ओहम, कारण 8 हा आकडा एसी सिग्नलसाठी आहे आणि नुसत्या तारेचा रेझिस्टन्स त्याहून कमी असतो. 35 भागिले 6, म्हणजे 5.8 अँपिअर. दोनशे वॉट उष्णता, आणि कोन एका बाजूला खेचून अडकलेला, हलतसुद्धा नाही म्हणून कॉइलला वाराही नाही. इथे 2 अँपिअरचा फास्ट फ्यूज असेल तर तो दोन सेकंदांच्या आत जातो. तो धागा? तो जातच नाही, त्याला पावणेसात लागतात. वर कॉइल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो, 200 डिग्रीला गेली की रेझिस्टन्स 70 टक्क्यांनी वर, म्हणजे करंट अजून कमी, म्हणजे धागा अजूनच निवांत. कॉइल जळून तुटेपर्यंत तो धागा धडधाकट राहणार.

तर पुढचा प्रश्न, योग्य फ्यूज कुठला. आमचं नशीब की दुसऱ्या स्पीकरमधला फ्यूज मूळचा होता. काचेच्या फ्यूजच्या पितळी टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून तिरक्या उजेडात बघितली की दिसतात, आमच्यावर होतं F2AL250V. एफ म्हणजे फास्ट, टी असेल तर स्लो, 2A हे रेटिंग, एल म्हणजे मोठ्या शॉर्ट सर्किटचा करंट तोडायची क्षमता कमी, जी स्पीकरसाठी भरपूर आहे, आणि 250 व्होल्ट ही वरची मर्यादा. या 250 ला बघून पुष्कळ लोक गोंधळतात, स्पीकरवर कुठे 250 व्होल्ट असतात म्हणून. व्होल्टेज जास्त लिहिलेलं चालतं, त्याने फ्यूज उडायच्या करंटमध्ये काहीच फरक पडत नाही.

फास्ट आणि स्लो मात्र बदलू नका. दोघंही 2 अँपिअर सतत वाहून नेतात, फरक आहे तो जास्तीचा करंट किती वेळ सहन करायचा त्यात. पावणेतीन पट करंटला फास्ट जास्तीत जास्त 2 सेकंद टिकतो, स्लो 10 सेकंदांपर्यंत टिकू शकतो. ट्वीटरची कॉइल एवढीशी असते की दहा सेकंदांत तिचं क्रियाकर्म उरकतं. स्लो फ्यूजमध्ये कधी कधी तारेच्या मध्यावर एक बारीक थेंब दिसतो बघा, तो कथलाचा. खरी चांदी वितळायला 962 डिग्री लागतात, तांब्याला 1085, पण कथील 232 लाच वितळतं आणि वितळलं की खालच्या तारेला हळूहळू विरघळवून टाकतं. म्हणजे क्षणाचा झटका आला तर थेंब ती उष्णता पिऊन घेतो आणि करंट जास्त वेळ राहिला तर तोच थेंब तारेला खातो. मला ही कल्पना फार आवडते, एवढ्याशा काचेच्या नळीत कोणीतरी घड्याळ बसवलंय.

साइज दोन. 5 बाय 20 मिलिमीटरचा छोटा, आणि 6.3 बाय 32 चा मोठा जो जुन्या अमेरिकन मालात जास्त असतो. आणि इथे एक खोच आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. अमेरिकन स्टँडर्डचा फ्यूज रेटिंगच्या 135 टक्क्यांना तासाभरात उडालाच पाहिजे, युरोपियन स्टँडर्डचा 150 टक्क्यांना किमान तासभर टिकलाच पाहिजे. म्हणजे दोन्हीवर 2 अँपिअर लिहिलंय पण एक 2.7 ला जातो आणि दुसरा 3 ला बसून राहतो. अमेरिकन स्पीकरमध्ये युरोपियन स्टँडर्डचा घालायची वेळ आली तर मी एक पायरी खाली उतरून 1.6 चा घालीन.

लॅमिंग्टन रोडला गेलो, तिथल्या काउंटरवर प्लास्टिकच्या खणांमध्ये फ्यूज मटार-शेंगदाण्यासारखे भरून ठेवलेले असतात. माणूस म्हणाला, "दो का फास्ट नहीं है, पाँच का ले जाओ, कभी उडेगा नहीं." कभी उडेगा नहीं, हीच तर अडचण आहे! चार दुकानं पुढे मिळाला, दहाचं पाकीट घेतलं, एक नग कटिंगपेक्षा स्वस्त पडला.

स्पीकरवर काहीच लिहिलेलं नसेल तर गणित करावं लागतं. सतत झेपणारे वॉट भागिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 30 वॉट आणि 8 ओहम असेल तर 1.9, मग 1.6 किंवा फार तर 2 चा. फक्त वॉट खरे हवेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे डब्यांवर 1200 वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा) छापायचे ते आठवतंय ना, तो आकडा या गणितात घातला तर 12 अँपिअरचा फ्यूज येतो, त्यावर वेल्डिंग नाही झालं म्हणजे मिळवलं. शंका असेल तर 1 चा घालून सुरुवात करा. घरात गप्पा चालू ठेवून गाणी ऐकतो तेव्हा सरासरी एक वॉटसुद्धा पुष्कळ असतो, आणि 8 ओहममध्ये एक वॉट म्हणजे फक्त 0.35 अँपिअर. 1 चा फ्यूज नेहमीच्या आवाजात उडत असेल तर आधी अँप तपासा, मग रेटिंग वाढवायचं बघा.

फ्यूज कुठे बसवलाय तेही बघून घ्या. सगळ्या स्पीकरसाठी एकच असेल तर तो वूफरच्या मापाचा असतो, त्याच्या भरवशावर ट्वीटर सोडू नका. काही जुन्या स्पीकरमध्ये, उदाहरणार्थ मॅग्नेप्लॅनरच्या पातळ पडद्यासारख्या स्पीकरमध्ये, ट्वीटरचा वेगळा फ्यूज मागे दिलेला असतो. छोटा अँप पूर्ण पिळून वाजवला की सिग्नलची टोकं कापली जातात, सरासरी पॉवर वाढते आणि वरच्या पट्टीतला कचरा ट्वीटरकडे जातो, म्हणून गणपतीत 20 वॉटच्या अँपवर ट्वीटर जास्त जळतात आणि लोक म्हणतात "एवढ्याशा अँपने कसा जळेल".

फ्यूजने आवाज बिघडतो का? थोडासा, हो. बासच्या ठोक्याबरोबर फ्यूजची तार तापते आणि गार होते, तिचा रेझिस्टन्स हलतो, त्यातून खालच्या फ्रिक्वेन्सीला किंचित डिस्टॉर्शन येतं आणि ते मोजता येतं. पण फ्यूजवर बाण काढून "या दिशेने लावा" म्हणून हजारो रुपयांना विकतात ना, स्पीकरमध्ये करंट सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट जातो, बाणाने कुठे बघायचं?

मुंबईत त्याहून मोठा शत्रू म्हणजे हवा. आमच्या होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता, चांगला फ्यूज घालूनही आवाज मध्येच करकरत होता. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या जुलैत दुप्पट गंज. खोडरबर, मग कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पट्ट्या सैल असतील तर चिमट्याने किंचित आत दाबायच्या.

उडालेला फ्यूज फेकायच्या आधी उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल तर शॉर्ट होता, नवीन घालू नका, आधी अँपच्या आउटपुटला डीसी मोजा. काच स्वच्छ आणि तार मध्येच गोळा होऊन तुटलेली असेल तर थोडाच जास्त करंट बराच वेळ होता, किंवा बिचारी वर्षानुवर्षं तापून गार होऊन थकली.

आमच्या वूफरची कॉइल ग्रँट रोडच्या एका कारागिराने नवीन गुंडाळून दिली, पंधरा दिवस लागले. आतेभावाने उरलेले आठ फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्पीकरच्या मागे टेपने चिकटवलेत, वर स्केचपेनने लिहिलंय, 2A फास्ट, चांदी लावणाऱ्याला जिन्यावरून खाली.