कोंडवाड्याची गाडी आणि कुत्र्यांची गाडी

आमच्या गल्लीत सकाळी कुत्र्यांची गाडी आली, जाळ्या टाकून चार कुत्री उचलली, आणि लोकांना हायसं वाटलं. सहाव्या दिवशी तीच चार कुत्री त्याच विजेच्या खांबाखाली येऊन बसली. शेजारच्या अक्कांनी मला दारातच गाठलं. "अहो, परत आणून सोडली की हो! मग नेली कशाला?"

हा प्रश्न मी सोलापुरात इतक्या वेळा ऐकलाय की आता सविस्तर लिहूनच टाकते. लोकांच्या मनात कुत्र्यांची गाडी म्हणजे कोंडवाड्याचीच गाडी, फक्त गायीऐवजी कुत्री नेणारी. तसं नाही. दोन्ही गाड्या पालिकेच्याच कामाच्या आणि दोन्ही जनावरं उचलतात. पण कशासाठी उचलतात, हे अगदी वेगळं आहे.

घोळाचं मूळ एका शब्दात आहे. "मोकाट कुत्री" हा शब्द बातम्यांत वाचला की मला चीड येते. मोकाट म्हणजे दावं सोडलेलं. धार काढून झाल्यावर मालकाने रस्त्यावर हाकललेली म्हैस मोकाट असते, कारण तिला मालक आहे, गोठा आहे, संध्याकाळी परतायची जागा आहे. गल्लीतल्या कुत्र्याला दावंच नव्हतं, ते सुटणार कुठून? ते भटकं. दोघांना एकच विशेषण लावलं की उपायही एकच वाटायला लागतो.

कोंडवाडा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. जनावर धरायचं, कोंडायचं, मालक आला की दंड आणि चारापाण्याचा खर्च घेऊन सोडायचं. ही रीत १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यापासून चालत आली. सात दिवसांत कुणी फिरकलं नाही तर दवंडी पिटायची, तरीही कुणी आलं नाही तर लिलाव. त्या कायद्यातली 'गुरं' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तिच्यात म्हशी, घोडे, खेचरं, गाढवं, डुकरं, शेळ्यामेंढ्या आहेत, उंट आहे, एवढंच काय, हत्तीसुद्धा आहे. कुत्रा नाही. कारण कोंडवाड्याची सगळी मदार मालकाच्या खिशावर आहे. दंडाची झळ बसली की तो पुढच्या वेळी जनावर बांधून ठेवतो. भटक्या कुत्र्याचा दंड कुणाकडून घेणार, आणि त्याचा लिलाव कोण बोलणार?

म्हणून कुत्र्यांच्या गाडीचं काम वेगळ्या नियमांनी चालतं. आधी २००१ चे नियम होते, आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, आणि दोन्ही १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचे. कुत्रं पकडायचं, कुठून पकडलं ते लिहून ठेवायचं, पिलं होऊ नयेत म्हणून निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, जखम सुकेपर्यंत पिंजऱ्यात ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. लोकांना पटत नाही ते हे शेवटचं. पण नियमाचा जीवच तिथे आहे. परत सोडायचं म्हणूनच तर शस्त्रक्रिया करायची आणि लस द्यायची. कायमचंच न्यायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

परत का सोडायचं, तर गल्ली रिकामी राहत नाही म्हणून. कोपऱ्यावर चिकनचं दुकान आहे, हॉटेलचं खरकटं आहे, कचऱ्याचा ढीग आहे, तोवर तिथे कुत्री असणारच. आहेत ती आपली हद्द राखतात, परक्या कुत्र्याला शिरू देत नाहीत. ती उचलली की पलीकडच्या गल्लीतली येतात, आणि येतात ती बहुधा बिनलसीची, बिनशस्त्रक्रियेची. ओळखीच्या एका वसाहतीने वर्गणी काढून टेम्पो केला आणि आवारातली सगळी कुत्री रात्रीत शहराबाहेरच्या माळावर नेऊन सोडली. त्यातल्या चौघांच्या कानाला शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कातर होती, म्हणजे पालिकेचा खर्च आधीच होऊन गेला होता. त्या माळावर ना पाणी ना सावली, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात. अडीच महिन्यांत वसाहतीत नवी टोळी आली, त्यातली एक कुत्री जिन्याखाली व्याली, आणि पिलांजवळून गेला म्हणून दूधवाल्याची पोटरी फोडली. आधीची चार कुत्री त्याच दूधवाल्याच्या सायकलीमागे शेपूट हलवत जायची.

चावण्याचं पुष्कळसं कारण असंच असतं. कुत्री माजावर आली की नरांची झुंबड उडते, मारामाऱ्या होतात, मधे सापडेल त्याला दात लागतो. पिलं झाली की आई अंगावर येते. शस्त्रक्रियेने हे दोन्ही थांबतं. भुंकणं थांबत नाही, आणि यंत्रमागाची रातपाळी सुटल्यावर कामगारांच्या गाड्यांमागे धावणं लगेच थांबेल असंही मी सांगणार नाही. पण कुत्रीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांत भरतात आणि एका वेळी चार-सहा पिलं होतात. त्यामुळे अर्धी कुत्री शस्त्रक्रियेविना राहिली तर केलेलं काम वर्षात पुसलं जातं. एका भागातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांची शस्त्रक्रिया तरी झाली पाहिजे.

झालंय की नाही हे कसं ओळखायचं? कान बघा. टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक खाच असते, बस कंडक्टरने तिकीट पंच केल्यासारखी. आमच्या खांबाखालच्या तांबड्या कुत्रीची खाच अजून ओली होती, पोटावरचे केस भादरलेले होते. अक्कांना मी तेच दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आता पिलं नाहीत?" नाहीत.

आता एक खरा अपवाद. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितलं, आणि ११ तारखेचा तो आदेश २२ तारखेला बदलून शस्त्रक्रिया व लसीनंतर त्याच भागात सोडण्याची रीत कायम ठेवली. रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा फार आक्रमक कुत्री तेवढी परत सोडायची नाहीत. मग ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल वेगळा आदेश आला. ती निवाऱ्यात ठेवायची, त्याच आवारात परत सोडायची नाहीत. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा एसटी स्टँडच्या आवारातल्या कुत्र्याला एक नियम आणि गल्लीतल्या कुत्र्याला दुसरा. "तिथली नेली, आमची का नाही" याचं उत्तर हे आहे.

निवारा ही तिसरीच गोष्ट. अपघात झालेली, आंधळी, आजारी जनावरं तिथे राहतात. शस्त्रक्रियेचं केंद्र म्हणजे निवारा नव्हे. त्याच्या फाटकाशी रात्री पोत्यात घालून पिलं टाकू नका. दूध पिणारं पिलू आईपासून तोडलं की बहुतेक वेळा जगत नाही.

आणि कुत्रं चावलंच, तर गाडीला फोन नंतर करा. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

तक्रार करताना "कुत्र्यांचा बंदोबस्त करा" एवढंच लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. कोणता चौक, कोणत्या दुकानासमोर, किती कुत्री, त्यातली कान न कापलेली किती, दूध पाजणारी कुत्री आहे का, हे लिहा. पाजणारी असेल तर पिलं अंगावरचं दूध सोडेपर्यंत तिला नेऊ नका म्हणून सांगा. ती कुठे सापडतात ते खाऊ घालणाऱ्याला नेमकं माहीत असतं, त्याला गाडी येईल तेव्हा हजर राहायला सांगा. आमच्या गल्लीत दोन कुत्री अजून राहिलीत. एक काळी, चिकनच्या दुकानाच्या पायरीवर दुपारी झोपते ती, आणि तिचा लंगडा भाऊ. अक्कांनी कालच त्यांची तक्रार लिहून दिली, आणि खाली स्वतःच्या हाताने जोडलं: "काम झाल्यावर इथेच आणून सोडावीत."