एका फुप्फुसावरचे दोन तास

"तीन भोकं, बस," डॉक्टर म्हणाले आणि मामांना हायसं वाटलं. मामा यावल तालुक्यातले केळीवाले. क्षयानंतर छातीत पू साठला होता आणि फुप्फुसावर जाड साल चढली होती. जळगावात दुर्बिणीतून ती सोलायची होती. भोकं लहान हे खरं, पण आत हात चालवायचा तर ते फुप्फुस मिटवावं लागतं आणि तोवर माणूस दुसऱ्या एकट्यावर जगतो. मला विचाराल तर यातली अर्धी शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञाची.

त्यासाठी श्वासनलिकेत डबल ल्युमेन ट्यूब घालतात, म्हणजे एका नळीत दोन वाटा, प्रत्येक फुप्फुसाला एक. बहुधा डाव्या बाजूची. श्वासनलिकेच्या उजव्या शाखेला जेमतेम 2 सेंमीवर वरच्या कप्प्याचा फाटा फुटतो. नळी जरा सरकली की तो बंद. डावीकडे सुमारे 5 सेंमी मोकळे मिळतात. तरी पेशंटला कुशीवर वळवताना नळी हलू शकते, म्हणून बारीक दुर्बीण घालून पुन्हा बघतात.

खरी अडचण रक्ताची. मिटलेल्या फुप्फुसात हवा नसते, रक्त मात्र जातच राहतं आणि ऑक्सिजनविना परततं. इथे शरीर स्वतःच दारं धरतं. ठिबक येण्याआधी बागेत गडी भरलेल्या वाफ्याचं दार बंद करून पाणी दुसरीकडे वळवायचा, तसंच. ऑक्सिजन नसलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आखडतात. फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी हे 1946 मध्ये मांजरांवर दाखवलं. शिवाय चालू फुप्फुस खालच्या कुशीला, म्हणजे उतारही तिकडेच. पण बांध पक्का नसतो, थोडं रक्त झिरपतंच.

रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली घसरला, की आधी 100 टक्के ऑक्सिजन, मग नळी जागेवर आहे का, कफ अडकलाय का, हे बघायचं. घाबरून जास्त हवा कोंबायची नाही. एका श्वासाला वजनाच्या किलोमागे 4 ते 6 मिली पुरे. फुप्फुस जास्त ताणलं तर त्यातल्या वाहिन्या दबून रक्त उलट मिटलेल्या बाजूला पळतं. मिटलेल्यात किंचित ऑक्सिजन सोडला तर आकडा चढतो, पण ते फुगून कॅमेऱ्यासमोर येतं आणि सर्जनच्या कपाळाला आठ्या पडतात. अगदीच नाही जमलं तर हात थांबवून दोन्ही फुगवायची.

वॉर्डात मामांच्या छातीतली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली. खोकले की बुडबुडे, म्हणजे फुप्फुसातून अजून हवा गळतेय. हातात तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून चेंडू उचलायचं व्यायामाचं साधन. तिसरा चेंडू उचलायला सेकंदाला 1200 मिलीच्या वेगाने श्वास ओढावा लागतो.

"आते श्वास लेवानं बी शिकनं पडी का?" मामा वैतागले.

पाचव्या दिवशी जोरात खोकूनही बाटलीत बुडबुडा आला नाही. तिसरा चेंडू तेव्हाही तळालाच होता.